खोळंबलेली प्रक्रिया : युनिक्सच्या सीरियल ड्रायव्हरचा एक वारसा

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची ठाणी जोडण्यास आरंभ केला; रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर बँकांतही युनिक्सचा प्रसार झाला. एक संगणक आणि त्याला सीरियल पोर्टांनी जोडलेली अनेक टर्मिनले, ही त्या काळची परिचित मांडणी होय. अशा मांडणीत एखादी प्रक्रिया खोळंबते आणि कोणत्याही आज्ञेने संपत नाही, तेव्हा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याकडे सहज कल होतो. वस्तुतः त्याचे मूळ बरेच जुने आहे.

1975 च्या सहाव्या आवृत्तीत प्रक्रिया संपताना प्रथम सर्व संकेत दुर्लक्षित ठरविले जात. त्यानंतर उघड्या फाइली बंद होत. टर्मिनलची फाइल बंद करताना रांगेतील अक्षरे बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हर थांबत असे. या थांबण्याला मुदत नव्हती. समोर संथ परंतु नेमाने छापणारे टेलिटाइप होते, तोवर ही उणीव झाकली गेली.

पुढे यंत्रे पालटली. 1981 च्या आयबीएम पीसीमधील 8250 ही चिप एका वेळी एकच अक्षर साठवी. पुढील 16550ए चिपमध्ये 16 अक्षरांची सोय झाली. जुना ड्रायव्हर मात्र तसाच राहिला, तर एखादा इंटरप्ट हुकणे किंवा टर्मिनलने ‘थांब’ हे चिन्ह धाडून पुन्हा मोकळीक न देणे, एवढेही कारण पुरेसे होई. संपू पाहणारी प्रक्रिया मग कधीच न येणाऱ्या सूचनेची वाट पाहत राही. 9 क्रमांकाचा संकेतही तेथे निष्फळ ठरे. कारण संकेत ऐकण्याची अवस्था तिने आधीच ओलांडलेली असे.

यावरून निदानाचा क्रम ठरतो. ‘पीएस’च्या विस्तृत यादीतील ‘डब्ल्यूचॅन’ या स्तंभावरून प्रक्रिया कशासाठी निजली आहे ते पाहावे. ती टर्मिनलच्या रांगेपाशी असल्यास कंट्रोल-क्यू धाडून प्रवाह मोकळा करावा, प्रवाह-नियंत्रणाच्या तारा तपासाव्यात. संगणक पुन्हा सुरू करणे हा अखेरचा मार्ग. कारण त्यामुळे शेजारच्या प्रत्येक टर्मिनलवरील काम तुटते. कायमचा उपाय म्हणजे नवा ड्रायव्हर. लिनक्समध्ये पोर्ट बंद करतानाच्या या प्रतीक्षेला सामान्यतः 30 सेकंदांची मर्यादा आहे. उरलेली अक्षरे गमावण्याची किंमत देऊन तेथे प्रक्रियेची सुटका केली जाते.

गडचिरोली चंद्रपूरपासून सुमारे 80 किलोमीटर दूर आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत त्या जिल्ह्यात देसाईगंज (वडसा) हेच रेल्वेस्थानक होते. तज्ज्ञ जेथे सहज पोहोचत नाही, तेथे दोष नेमका कोणत्या थरात आहे हे जाणणे ही केवळ विद्वत्तेची बाब राहत नाही. दिवसाचे काम वाचणे अथवा बुडणे त्यावर अवलंबून असते. समोरचे यंत्र प्रतिसाद देईलच, हे गृहीतक त्या यंत्राहून अधिक काळ टिकले, हाच या इतिहासाचा बोध होय.