बीजांडकोशाचा विकार आणि ताटांतलें पिष्ट

एका शाळामास्तरानें स्त्रियांच्या विकारावर बोलावें हें कित्येकांना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नव्हे. उभा जन्म मुलांना इतिहास शिकविण्यांत गेला. परंतु या विकाराचें नांव माझ्याच घरांत शिरलें, तेव्हां त्याचा इतिहास धुंडाळल्यावांचून मला राहवलें नाहीं. माझी नात एकोणीस वर्षांची. तिची पाळी चार-चार महिने लांबे, वजन वाढे, हनुवटीवर केस येऊं लागले. आम्हां वडील मंडळींना त्यांत आळस दिसला. “नुसती बसून खाते,” असें म्हणून आम्ही मोकळे झालों. हें तिच्याच परवानगीनें सांगतों आहें. पुढें डॉक्टरीणबाईंनीं तपासून रोगाचें नांव सांगितलें: पी. सी. ओ. एस.

इ. स. १७२१ मध्यें इटलींतील अंतोनियो व्हालिस्नेरी या वैद्यानें एका तरुण, विवाहित, कांहींशा स्थूल व मूल न झालेल्या शेतकरी स्त्रीचें वर्णन लिहून ठेवलें. तिचे बीजांडकोश नेहमींपेक्षां मोठे, उंचसखल, पांढरे व चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे होते. या वर्णनाला स्वतंत्र रोगाचें स्थान मिळण्यास दोनशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं. १९३५ सालीं शिकागोचे डॉक्टर स्टाइन व लेव्हेंथल यांनीं अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तपासणीसाठीं बीजांडकोशाचा तुकडा काढला कीं बंद पडलेली पाळी पुन्हां सुरू होते, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून त्यांनीं दोन्ही कोशांचा पाचरीसारखा मोठा भाग शस्त्रक्रियेनें काढला. सातही जणींची पाळी पूर्ववत् झाली, दोघींना गर्भ राहिला. कित्येक वर्षें हा रोग या दोघांच्याच नांवानें ओळखला जाई, आणि उपाय म्हणजे सुरी!

मला मात्र या इतिहासांत खरें कुतूहल वाटतें तें १९२१ या सालाचें. त्या वर्षीं पॅरिसमध्यें आशार व तिएर यांनीं दाढी येणाऱ्या स्त्रियांच्या मधुमेहाचें वर्णन केलें. आणि त्याच वर्षीं टोरोंटोंत बँटिंग व बेस्ट यांना इन्सुलिन सांपडलें. दोन धागे एकाच वर्षीं हातीं आले, पण ते जुळावयास १९८० साल उजाडलें. अमेरिकेंतील मेंफिस येथील बर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें कीं, या स्त्रियांच्या रक्तांत इन्सुलिन वाजवीपेक्षां अधिक असतें, आणि तें जितकें अधिक तितके पुरुषी अंतःस्रावही अधिक. शरीर इन्सुलिनला दाद देईनासें झालें कीं स्वादुपिंड तें आणखी ओततें. त्या पुरानें बीजांडकोश चेततो, पुरुषी स्राव वाढतात, आणि बीज पक्व होऊन बाहेर पडावयाचें तें अर्ध्या वाटेवर अडकतें. म्हणजे दोष केवळ कोशाचा नव्हे. सडपातळ मुलींनाही तो होतो.

आतां इन्सुलिनला सर्वांत अधिक चाळवितात ते पिष्टमय व गोड पदार्थ. ते कमी करावे ही कल्पना मात्र इन्सुलिनच्याही आधींची. लंडनचा विल्यम बँटिंग (हा टोरोंटोचा नव्हे) प्रेतयात्रांची व्यवस्था करणारा गृहस्थ. १८६२ च्या ऑगस्टांत त्याचें वजन २०२ पौंड होतें. कानाची तक्रार घेऊन तो हार्वे नांवाच्या डॉक्टरांकडे गेला. हार्वेंनीं पॅरिसला क्लोद बेर्नार यांचीं व्याख्यानें ऐकलेलीं होतीं. त्यांनीं पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केलीं. वर्षभरांत ४६ पौंड उतरले, आणि १८६३ सालीं बँटिंगनें आपला अनुभव छापून टाकला. स्वीडिश भाषेंत वजन उतरविण्याच्या क्रियापदांत त्याचें नांव आजही आहे. माझ्याच वयाचा माणूस तो, म्हणून मला त्याच्याविषयीं अंमळ आपुलकी.

हा आहार या विकारावर प्रत्यक्ष लावून पाहिला गेला तो २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रयोगांत. रोज २० ग्रॅमहून कमी पिष्ट, चोवीस आठवडे. अकरा स्त्रिया आल्या, पांचच शेवटपर्यंत टिकल्या. त्या पांचींचें वजन सरासरी बारा टक्के उतरलें, उपाशीपोटीचें इन्सुलिन निम्म्याहून खालीं आलें, दोघींना दिवस गेले. परंतु तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, आणि पांच ही संख्या ती किती! २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनें तर अमुकच एक आहार इतरांहून श्रेष्ठ ठरत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. जो निभेल आणि पोषण देईल तो घ्यावा.

निभण्याचीच तर अडचण! शंभर ग्रॅम शिजलेल्या भातांतच सुमारें २८ ग्रॅम पिष्ट. ज्वारीच्या दाण्यांत शंभरांत सत्तर भाग. म्हणजे “भात सोडला, भाकरी खाते” यानें हिशेब फारसा हलत नाहीं. नातीनें पहिल्या महिन्यांत सगळेंच बंद केलें. पांचव्या आठवड्यांत तिला चक्कर आली व ती रडत पोह्यांवर तुटून पडली. मग डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानें भात मूठभर, भाकरी एक, उसळ व भाजी दुप्पट, सकाळीं अंडीं, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळीं चालणें. सात महिन्यांत सहा किलो उतरले. पाळी आतां चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं येते. हनुवटीचे केस आहेत तसेच आहेत. ज्यांना मधुमेहाचीं औषधें चालू आहेत त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून ताट बदलूं नये. साखर एकाएकीं उतरते.

हें भाषण लिहितांना मीं कोशांतील पुटकुळ्यांना “गळवें” म्हटलें होतें. नातीनें पेन्सिलीनें तो शब्द खोडला व समासांत लिहिलें, “आजोबा, तीं गळवें नव्हेत, अडकलेलीं बीजें आहेत.” मीं तसें दुरुस्त केलें आहे.