ग्रहणाचा हिशेब

आमच्या आजीच्या लेखी प्रत्येक व्यंगाला एक तिथी होती. भावकीत कुणाचं मूल फाटक्या ओठाचं जन्मलं, की ती पडवीत बसल्या बसल्या बोटं मोजायची. बाळंत झाली ज्येष्ठात, म्हणजे दिवस गेले भाद्रपदात, आणि माघी पौर्णिमेचं ग्रहण मध्ये आलं. "विळीवर बसली असणार, दुसरं काय!" एवढं बोलून ती वाती वळायला घ्यायची.

तिच्या चुलतजावेची कथा आम्ही कितीदा तरी ऐकली. ग्रहण लागलेलं असताना त्या बाईनं कोशिंबिरीसाठी काकडी चिरली आणि पुढं मुलगी झाली ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. अंगावर ओढता येईना. बोंडल्यानं दूध घालावं तर अर्धं नाकातून परत येई. मुलगी जगली, पण तोंडावर पदर धरून. बोलणं घरच्यांनाच कळायचं. लग्न जमलं नाही. मी पाहिली तेव्हा तिची आई फार थकली होती. तिला कुणी दोष देण्याचीही गरज उरली नव्हती. कुणी काही विचारण्याआधी तीच म्हणायची, "मीच चिरली काकडी."

१६ फेब्रुवारी १९८०चं सूर्यग्रहण मला लख्ख आठवतं. खग्रास पट्टा आमच्या दक्षिणेकडून, कारवार-गदग-रायचूरवरून गेला. आमच्या सांगली जिल्ह्यात सूर्याची कोर तेवढी उरली. काकूला सातवा महिना होता. तिला माजघरात बसवून खिडकीवर घोंगडी टाकली. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हातपाय आखडून निजायचं नाही, नाहीतर पोराचे तसेच होतात. पाण्यावर तुळशीपत्रं ठेवली. गाभण गाईच्या पोटावर गेरूचा पट्टा ओढला. बाहेर 'दे दान सुटे गिऱ्हाण'चा पुकारा चालू होता. विळी, सुई, कात्री सगळं माळ्यावर गेलं. कोनाड्यातली भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीची डबी मात्र जागच्या जागी होती आणि वेळ जाईना म्हणून काकूनं त्या दुपारी दोनदा मिश्री लावली.

या दृश्यातला विनोद मला बऱ्याच वर्षांनी कळला. आरशात वरचा ओठ पाहा. नाकाखाली जी पन्हाळ उतरते, तिच्या दोन कडा म्हणजे सांधा आहे. गर्भात चेहरा अखंड उगवत नाही. दोन्ही बाजूंनी उंचवटे मध्ये सरकत येतात, नाकाखाली भिडतात आणि एकजीव होतात. ओठाचं हे काम चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं, टाळूचं त्यानंतर लगेच. कुठं भिडायचं राहून गेलं की फट उरते. म्हणजे सातव्या महिन्यात घोंगडी टाकून ज्या ओठाची राखण चालली होती, तो केव्हाच जुळून गेला होता. आणि जुळत होता तेव्हा पाळी चुकली एवढंच काकूला ठाऊक असणार. तेव्हा तिला कुणी जपलं नव्हतं.

आपले वैद्यही इथं उशिराच पोचले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीचे डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगू, डोळ्यांत व्यंग असलेलं होतं, असं सांगितलंय. निदान त्यात दोष डोहाळे न पुरवणाऱ्यांकडे जातो. ग्रहणाच्या कथेत तो सगळा बाईच्या विळीवर. युरोपात म्हणे गर्भारणीला ससा आडवा गेला की ओठ फाटायचा, आणि मेक्सिकोत आजही ग्रहणात पोटाशी धातूची पिन लावतात. एकूण काय, सगळीकडच्या आज्या हिशेबी.

आणि हिशेब चुकणार तरी कसा? सूर्य, चंद्र आणि पृथ्वी ग्रहणाजोगे येण्याचा काळ साधारण पावणेसहा महिन्यांनी येतो, आणि दर खेपेला निदान दोन ग्रहणं होतात. नऊ महिन्यांचं गरोदरपण त्यातून सुटूच शकत नाही. इथून दिसो वा न दिसो, पृथ्वीवरची प्रत्येक गरोदर बाई ग्रहणातून जातेच. धडधाकट मूल झालं की ते ग्रहण कुणी आठवत नाही, एवढाच फरक. दुभंगलेला ओठ किंवा टाळू साधारण सातशे-आठशे जन्मांत एकदा दिसतो. कारणं गुंतागुंतीची आहेत: काही वारशानं आलेली, काही फिटांवरच्या ठरावीक औषधांची, काही आईच्या मधुमेहाची किंवा धूम्रपानाची. पुष्कळदा एक असं कारण सापडतच नाही. मिश्रीनं बाळ वजनाला कमी भरतं, हे तर आपल्याच बायकांवरच्या अभ्यासांतून दिसलंय.

जनावरांच्या बाबतीत मात्र हीच माणसं किती उदार! सुगीत दारी पाच पायांचा नंदी यायचा. कवड्यांची झूल, आणि वशिंडाजवळून लोंबणारा वाळका, हाडकुळा पाय. काहींचा तो जन्मतःचा असतो, काहींचा चक्क शिवलेला. आजी त्या पायाला हळद-कुंकू लावून सूपभर जोंधळे घालायची. गर्भात घडण बिघडली ती बैलाची असली तर शंकराचा कौल, आणि भावकीतल्या मुलीची असली तर ग्रहण. हा दुजाभाव मला आजही पचत नाही.

आज ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या बाळावर होते आणि टाळूची बोलणं फुटण्याच्या सुमारास, साधारण दीड वर्षाच्या आत. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा. ओठासारखेच सुरुवातीला ठरणारे पाठीच्या कण्याचे दोष टाळायचे तर फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीच सुरू करायला हवं, कारण कण्यातली मज्जानलिका गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. घरात लग्न झालेली लेक-सून असेल, तर ग्रहणाची वाट न पाहता तिला हे आत्ताच सांगा. आणि मिश्रीची डबी आधी माळ्यावर टाका.