निरंकाराची राय

गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी प्रथम स्थलांतराकडे वळते. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली, हा वृत्तांत आपल्या मुलाबाळांसही मुखोद्गत आहे. मूर्ती पालखीत घालून नेता येते. देवाचे रान मात्र तसे उचलून नेता येत नाही. अशाच एका रानाविषयी येथे चार शब्द लिहीत आहे.

नव्या काबिजादींतील सत्तरी तालुक्यात, बांबर येथे निरंकाराची राय आहे. निरंकार म्हणजे ज्यास आकार नाही असा देव. सदाहरित वनाच्या या तुकड्यात बारमाही पाणी वाहते व त्या दलदलीत रानजायफळाच्या कुळातील वृक्ष उभे आहेत. चिखलात मुळांस हवा मिळत नाही. तेव्हा ती दुमडलेल्या गुडघ्याप्रमाणे पाण्याबाहेर येऊन पुन्हा आत शिरतात आणि बाहेरच्या भागाने श्वास घेतात. फळ तडकले की आतील जायपत्रीच्या ओढीने धनेश व मोठी रानकबुतरे येतात, बी गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. हे बी वाळले की मेलेच! त्यास ओल हवी, रोपास सावली हवी. एकदा तोडलेली अशी राय पुन्हा उभी करणे म्हणूनच महाकठीण.

सह्याद्रीतील अशा कित्येक दलदली भातशेतीखाली व पोफळींखाली गेल्या. कुळागरासही नेमकी तीच पाण्याची सखल जागा लागते, हे बागायतदार वाचकांस मी काय सांगावे? त्रावणकोरातील या वनांचे शास्त्रीय वर्णन १९६० साली प्रसिद्ध झाले. बांबरची राय शास्त्रज्ञांच्या येण्याआधीपासून देवाच्या नावावर राखलेली होती.

पुढे २०१८ साली सीमेपलीकडे, दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे अशाच दलदलीची नोंद झाली. तीही देवराईच! २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. दोन्हीकडे देवाचेच रान शिल्लक राहावे, हा मी योगायोग मानीत नाही.

हल्ली देवराईत सिमेंटची घुमटी बांधून फरशी घालण्याची हौस बळावली आहे. निराकार देवास फरशी कशास हवी, ते हौशी मंडळीच जाणोत. जीर्णोद्धाराचा ठराव मांडताना देवस्थानाच्या मालकीचे रान, तळी व झरे यांचीही मोजणी करून ती दप्तरात चढवावी, एवढी माझी महाजन मंडळींस विनंती आहे.