वादकाच्या कमरेवरची नभोवाणी

बिनतारी विद्येचें नांव निघालें कीं मन लगेच महासागरांकडे धांव घेतें. १९०१ सालीं मार्कोनीनें इंग्लंडमधून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकपार संकेत पोंचल्याचें जाहीर केलें, आणि अंतराचा प्रश्न सुटला असें जगाला वाटूं लागलें. परंतु याच विद्येच्या इतिहासांत एका अगदीं तोकड्या अंतराचेंही प्रकरण आहे. रंगमंचावरील गिटारवादकापासून त्याच्या मागें ठेवलेल्या अॅम्प्लिफायरपर्यंतचें अंतर फार तर वीस पावलांचें. पण तें समाधानकारक रीतीनें ओलांडण्यास महासागर ओलांडल्यानंतर आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. हा उशीर कां लागला, आणि मधली केबल काढून टाकल्यावर वादकाला काय मिळालें व काय द्यावें लागलें, हें पाहण्यासारखें आहे.

विजेच्या गिटारीला केबल कां लागते हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारीला लांकडी पेटी असते, आणि तारांचा आवाज तेथें वाढतो. अमेरिकेंत जॉर्ज बीचम व अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं १९३१-३२ च्या सुमारास निराळा मार्ग काढला. पोलादी तारांजवळ लोहचुंबक व बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलें, म्हणजे तारांच्या कंपनानें वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तोच वाढवून लाउडस्पीकरला द्यावयाचा. या योजनेचें पेटंट बीचम यांना १९३७ सालीं मिळालें. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं ‘प्रिसिजन बेस’ तयार केला आणि खर्जाचें वाद्यही याच रीतीनें बोलूं लागलें. वाद्याचें पोट अशा प्रकारें वाद्याबाहेर गेलें, आणि दोहोंना जोडणारी केबल ही त्याची नाळ झाली.

ही नाळ प्रसंगीं प्राणघातकही ठरे. गुणगुण कमी व्हावी म्हणून गिटारीच्या तारा केबलच्या बाहेरच्या आवरणामार्फत अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात, आणि तो सांगाडा जमिनीशीं जोडलेला असावा अशी अपेक्षा असते. गाण्याचा मायक्रोफोन मात्र दुसऱ्याच यंत्राला जोडलेला. दोहोंपैकीं एकाचा जमिनीशीं संबंध तुटला आणि त्यांत दोष असला, तर एक हात तारांवर ठेवून दुसरा मायक्रोफोनला लावतांच वादकाच्या छातींतून विजेचा मार्ग पुरा होतो. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वॉन्झी येथें ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे हा मायक्रोफोनला हात लागतांच श्रोत्यांच्या देखत मरण पावला. त्याचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. डिसेंबर १९७६ मध्यें फ्लॉरिडांतील लेकलंड येथें ‘किस’ या वाद्यवृंदांतील एस फ्रेली जिन्याच्या धातूच्या कठड्याला हात लागून कोसळला. सुदैवानें तो वांचला, आणि त्यानंतर त्यानें बिनतारी यंत्र पत्करलें. वादकाच्या कमरेला बांधलेलें क्षेपकयंत्र लहानशा बॅटरीवर चालतें व अॅम्प्लिफायरशीं त्याचा धातूचा संबंध नसतो. म्हणून गिटारीवाटे येणारा हा धोका मुळापासूनच नाहींसा होतो.

बिनतारी मायक्रोफोन त्यापूर्वींच निघाले होते. इंग्लंडांत रेज मूर्स यांनीं १९४७ सालीं असा मायक्रोफोन बनविला, आणि १९४९ सालीं ब्रायटन येथें बर्फावर होणाऱ्या ‘अलादीन’च्या खेळांत तो एका पात्राच्या वेषांत दडविला. ज्या लहरीवर तो चाले ती वापरण्याचा परवाना नसल्यामुळें मूर्स यांनीं त्याचें पेटंट घेतलें नाहीं. आकाशाचा कायदा या विद्येच्या मागें असा तिच्या बाल्यापासूनच लागलेला होता. पुढें अमेरिकेंत शुअर कंपनीनें १९५३ सालीं व जर्मनींत झेनहायझर कंपनीनें १९५७ सालीं आपापले बिनतारी मायक्रोफोन पुढें आणले. भाषण व गायन यांचें काम त्यांवर भागे. विजेच्या गिटारीचें भागेना. याचीं कारणें मुख्यतः दोन होतीं.

पहिलें कारण लहरींच्या स्वभावांत आहे. रात्रीं लघुलहरींवर दूरचें केंद्र लावलें असतां आवाज येतो, विरतो आणि पुन्हां येतो, हें नभोवाणीच्या श्रोत्यांना सांगावयास नको. एकच लहर दोन वाटांनीं येऊन पोंचली म्हणजे तीं दोन रूपें कोठें एकमेकांस पूरक होतात, कोठें मारक. रंगमंचावरही भिंती, छत व लोखंडी खांब यांवरून परतलेल्या लहरी असाच खेळ करतात. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर असते. तेव्हां वादकानें एखादें पाऊल टाकलें तरी आवाज नाहींसा होऊं शकतो. दुसरें कारण वाद्याच्या आवाक्याचें. तारेवरील पहिला जोरदार आघात आणि तिचा विरत जाणारा शेवटचा नाद यांच्या तीव्रतेंत फार मोठें अंतर असतें. आघात यंत्राला झेपावा म्हणून पातळी खालीं ठेवली, तर तो शेवटचा नाद खरखरींत बुडून जातो.

न्यूयॉर्कचे केन शॅफर यांनीं १९७५ नंतरच्या थोड्याच काळांत या दोन्ही अडचणींवर एकत्र तोड काढली. हे गृहस्थ कलावंतांच्या प्रसिद्धीचें काम करीत असल्यामुळें रंगमंचाची नड त्यांना जवळून माहीत होती. व्हेगा कंपनीच्या सहकार्यानें तयार झालेल्या त्यांच्या यंत्रांत एका क्षेपकासाठीं दोन ग्राहकयंत्रें व दोन एरियलें असत, आणि ज्या क्षणीं ज्याचा आवाज सरस असेल त्या क्षणीं तो घेतला जाई. दोन्ही एरियलें एकाच वेळीं मारक जागेंत सांपडण्याचा प्रसंग विरळा. ही युक्ति आर.सी.ए. कंपनीनें लांब पल्ल्याच्या लघुलहरींसाठीं १९२० नंतरच्या दशकांतच वापरली होती. महासागरासाठीं शोधलेलें औषध अशा रीतीनें वीस पावलांच्या रोगाला लागूं पडलें. दुसऱ्या अडचणीवरील उपाय म्हणजे क्षेपकांत आवाजाचा विस्तार आवळावयाचा आणि ग्राहकांत तो पुन्हां तेवढाच मोकळा करावयाचा. १०० डेसिबेलांचा विस्तार ५० डेसिबेलांत बसवून पाठविला, म्हणजे वाटेंतील खरखर पलीकडे आपोआप खालीं दबते. त्याच सुमारास जॉन नेडी यांचींही या तत्त्वावर चालणारीं यंत्रें बाजारांत आलीं.

या शोधाचा सर्वांत बोलका लाभार्थी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ वाद्यवृंदाचा अँगस यंग. शाळकरी मुलाचा वेष करून रंगमंचभर धांवणाऱ्या, प्रसंगीं श्रोत्यांच्या गर्दींत शिरणाऱ्या या वादकाला केबलचा जाच विशेषच होता. परंतु लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, १९८० सालच्या ‘बॅक इन ब्लॅक’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं, जेथें धांवण्याचा प्रश्नच नव्हता त्या ध्वनिमुद्रणगृहांतही, त्यानें शॅफर यांचें यंत्र वापरलें. आवळून मोकळा केलेला आवाज तंतोतंत पूर्वीसारखा होत नसे. त्याला एक निराळी धार येई, आणि ती यंगला हवी होती. २०१४ च्या सुमारास त्या जुन्या यंत्रांतील केवळ ध्वनीवर संस्कार करणाऱ्या भागाच्या प्रतिकृति निघूं लागल्या, आणि ज्यांना बिनतारी सोयीची गरज नाहीं असे वादकही त्या घेऊं लागले.

उलट, केबललाही स्वतःचा एक स्वभाव होता हें ती सुटल्यावर अधिक जाणवलें. केबलच्या मधल्या तारेमध्यें व बाहेरच्या आवरणामध्यें विजेचा थोडा साठा होत असतो. दर मीटरला सुमारें १०० पिकोफॅरड, म्हणजे १० मीटरच्या केबलला १०००. वेटोळ्याशीं त्याचा संयोग होऊन आवाजांतील वरचे अंश कांहींसे दबतात. बिनतारी यंत्रावर तेच अंश मोकळे झाल्यामुळें कित्येकांना आपलीच गिटार कर्कश वाटूं लागली. म्हणून आजच्या अनेक बिनतारी यंत्रांत ठराविक लांबीच्या केबलचा परिणाम कृत्रिम रीतीनें घालण्याची सोय ठेवलेली असते.

बेसची अडचण याहून वेगळी होती. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ४१ असतात. आवाज आवळणारें मंडळ फार चपळ असलें, तर अशा संथ लहरीच्या एकेका हेलकाव्यालाच तें तीव्रतेंतील बदल समजतें व स्वर विकृत करतें. मंद असलें तर आघाताची कड बोथट होते. ही ओढाताण मिटली ती ध्वनीचें अंकांत रूपांतर करून पाठविण्याची पद्धति आल्यावर. अंकांना आवळण्याची गरज उरली नाहीं. या रूपांतरास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात खरे; पण तीन सहस्रांश सेकंदांत आवाज हवेंतून सुमारें एक मीटर जातो, म्हणजे लाउडस्पीकरपासून एक पाऊल मागें सरण्याइतकाच तो विलंब.

राहतां राहिला प्रश्न आकाशाच्या मालकीचा. शॅफर यांचें यंत्र दूरचित्रवाणीच्या १७४ ते २१६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील रिकाम्या जागांवर चाले. तेथें आगंतुकांची भीति नेहमींच असे. १९८४ च्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ या विनोदी चित्रपटांत विमानतळावरील संभाषण गिटारीच्या अॅम्प्लिफायरमधून ऐकूं येतें तें याच भीतीवरचें नाट्य. पुढें अधिक उंच पट्टे वापरांत आले, परंतु तेथेंही वादक भाडेकरूच राहिला. अमेरिकेंत ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा जून २०१० मध्यें या यंत्रांना बंद झाला, आणि ६०० मेगाहर्ट्झच्या भागाचा लिलाव होऊन त्यांतील बहुतेक जागाही जुलै २०२० पर्यंत सोडावी लागली. खेड्यापाड्यांतील प्रार्थनामंदिरांपासून मोठ्या नाट्यगृहांपर्यंत चालूं स्थितींतील यंत्रें त्यामुळें निरुपयोगी झालीं. कित्येक वादक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळले. भारतांतही तो २००५ सालीं मर्यादित शक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळा झाला. पण जें सर्वांना मोकळें तेथें सर्वांचीच गर्दी: प्रत्येक श्रोत्याच्या खिशांतील दूरध्वनि त्याच पट्ट्यावर बोलूं शकतो.

केबलचा व्यवहार वादक आणि त्याचें वाद्य यांच्यापुरता होता. ती सुटली आणि वादकाला रंगमंच मोकळा मिळाला, प्रसंगीं जीवही मिळाला. मोबदल्यांत त्याला शेजाऱ्यांच्या लहरींचा, सरकारच्या नियमांचा व बॅटरीच्या आयुष्याचा हिशेब रोज ठेवावा लागतो. म्हणून जाणते वादक खेळापूर्वीं सभागृहांतील लहरी तपासतात, नवी बॅटरी घालतात, आणि क्षेपक कमरेला बांधण्यापूर्वीं अॅम्प्लिफायरच्या मागें एक केबल नीट गुंडाळून ठेवतात.