कॅमेरा दुसऱ्याचा, नजर आपली

आमच्या घरच्या अल्बममध्ये १९७५ सालचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. सिडकोच्या वसाहतीत घर पाहायला आलेले आईवडील वाशीच्या खाडीकाठी उभे आहेत. माणसे लहान दिसतात. त्यांच्यामागे ओहोटीचा चिखल, तिवरांची रांग आणि काठावर ओढून ठेवलेली एक होडी. खाली वडिलांच्या अक्षरात त्यांच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांचे नाव आहे. कॅमेरा त्यांचा, दोन दिवसांसाठी मागून आणलेला. चाळीस वर्षे आम्ही छायाचित्रही त्यांनीच काढले असे धरून चाललो. प्रत्यक्षात ते त्या दिवशी बरोबर नव्हतेच. कॅमेरा होता माझ्या सतरा वर्षांच्या मावशीच्या हातात. म्हणून ती चित्रात नाही.

आमच्या या घरगुती चुकीत हौशी छायाचित्रणाच्या इतिहासाचीही एक उणीव दिसते. तो बहुधा कॅमेऱ्यांच्या मालकांचा लिहिला गेला. मागून आणणाऱ्यांचा राहून गेला.

मुंबईत हौशींची नोंद फार लवकर सुरू होते. १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढायला सुरुवात केली. शीर्षकात ‘हौशी’ असले, तरी काचा, रसायने आणि अंधारी खोली यांचा खर्च डॉक्टर, अधिकारी आणि सधन मंडळींनाच पेलणारा होता. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि त्यांच्यामागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला आहे. माणूस खरा, पण त्याची जागा खरी नाही.

उसन्या कॅमेऱ्याचे ठळक उदाहरण १९३०च्या दशकात भेटते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या होमाई यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून आणि त्यांच्याच कॅमेऱ्यावर छायाचित्रणाचे धडे घेतले. महिलांच्या एका सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली, दर छायाचित्राला एक रुपया मिळाला. त्या काळातली त्यांची कितीतरी कामे मात्र माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्तराहून अधिक वर्षांपूर्वीच्या श्रेयाचीही चर्चा झाली. घरगुती अल्बममधल्या हातांच्या वाट्याला अशी चर्चा येत नाही.

स्वातंत्र्यानंतर बडोद्यात तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’ने कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला, तरी आवाक्यात येणे म्हणजे प्रत्येक घरात असणे नव्हे. चाळीत, कचेरीत एखाद्याकडे तो असे आणि लग्न, बारसे, सहल पाहून फिरत राही. संकेत ठरलेले होते: कॅमेरा त्यांचा, रोल आपला. १२० मापाच्या रोलवर बाराच चित्रे. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. कधी मालकाचा अर्धा रोल आतच असे. मग त्यांच्याकडचे बारसे आणि आपली सहल एकाच पट्टीवर धुऊन येई.

या साध्या कॅमेऱ्याची एक मर्यादा इतिहासाच्या पथ्यावर पडली. फोकस कायमचा ठरलेला, त्यामुळे माणूस फार जवळ घेता येत नसे. त्याला चार पावले मागे उभे करावे लागे आणि भोवतालचा परिसर न बोलावता चौकटीत येई.

नवी मुंबईच्या बाबतीत हा परिसर मोलाचा आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला, १९९२ मध्ये रेल्वे वाशीला पोहोचली. मधल्या काळात, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. नियोजनाच्या नकाशांत सेक्टर आणि भूखंड सापडतात. मिठागराचा बांध कुठून जात होता, जाळी कुठे वाळत, भातखाचर कोणत्या घराच्या पायरीशी संपे, हे पाहायचे तर आगरी-कोळी घरांतले लग्नाचे आणि नव्या रहिवाशांचे सहलीचे फोटो पाहावे लागतात. त्यांतल्या माणसांमागे गेलेली जमीन उभी आहे.

हे दस्तऐवज आज खाडीच्या दमट हवेत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकमेकांना चिकटत चालले आहेत. कागद कदाचित स्कॅन करून वाचेल. त्यामागची माहिती स्कॅन होत नाही; ती सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. म्हणून अल्बम उघडताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: मागे काय दिसते? कॅमेरा कोणाचा? आणि तो हातात कोणी धरला होता?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मावशीने सहज दिले. “बारातले दोन मला काढू दिले होते. एक हलला,” ती म्हणाली. न हललेल्या छायाचित्राच्या मागे मी पेन्सिलीने तिचे नाव लिहिले. वडिलांनी लिहिलेले नाव खोडले नाही. त्याच्यापुढे फक्त एक शब्द जोडला: ‘कॅमेरा’.