न्यायनिष्ठ गव्हर्नर जॉन पीटर अल्टगेल्ड

थोर पुरुषांनी काय मिळविले याचे वर्णन आपण आवडीने वाचतो. पण सत्यासाठी त्यांनी काय गमाविले हे पाहिल्यावाचून त्यांची खरी योग्यता कळत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे गव्हर्नर अल्टगेल्ड यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १८४७ साली जर्मनीतील नासाऊ प्रांती झाला. ते तान्हे असतानाच आईबाप अमेरिकेत ओहायो येथे जाऊन राहिले. घरी दारिद्र्य, शिक्षण तुटपुंजे. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात गेले. परत आल्यावर काही काळ त्यांनी शाळामास्तरकी केली, हे आम्हां शिक्षकांस विशेष भूषणावह वाटते. पुढे वकील होऊन १८७५ साली ते शिकागोस आले व जमीनजुमल्याच्या व्यवहारात त्यांनी मोठी संपत्ती जोडली. तथापि गरिबांचा त्यांस विसर पडला नाही. तुरुंग बहुधा निराधारांनीच भरलेले असतात, हे त्यांनी १८८४ साली ग्रंथ लिहून दाखविले. १८९२ साली ते गव्हर्नर निवडून आले. परदेशी जन्मलेल्या मनुष्यास हा मान त्या राज्यात प्रथमच मिळाला. पुढील वर्षीच चौदा वर्षांखालील मुलांस कारखान्यांत कामास लावण्याची बंदी करणारा कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी फ्लॉरेन्स केली या विदुषीस मुख्य निरीक्षक नेमिले.

परंतु त्यांची खरी कसोटी निराळीच होती. १८८६ साली शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेच्या वेळी पोलिसांवर बाँब पडला. तो कोणी टाकला हे सिद्ध झाले नाही, तरी आठ जणांस दोषी ठरविण्यात आले. १८८७ साली चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत आत्महत्या केली व तिघे तुरुंगात राहिले. या तिघांस दया दाखवावी, अशी विनंती अनेक प्रतिष्ठितांनीही केली होती. दया दाखविली असती तर अल्टगेल्ड यांची वाहवाच झाली असती. त्यांनी खटल्याचे सर्व कागद वाचले आणि २६ जून १८९३ रोजी तिघांस मुक्त करताना स्पष्ट लिहिले की, ज्यूरी पक्षपाताने निवडलेली होती, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते व गुन्हा शाबीत झालेलाच नव्हता.

मग वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. १८९४ च्या रेल्वे संपात केंद्र सरकारने न विचारता फौज धाडली, तिचाही त्यांनी निषेध केला. १८९६ साली ते पराभूत झाले, संपत्तीही गेली. १९०२ साली एका सभेत भाषण केल्यानंतर त्यांची प्रकृती बिघडली व त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजातही पूर्वी पंचांनी वाळीत टाकलेली कुटुंबे कालांतराने पुन्हा पंक्तीस घेतली गेली. पण मूळ निवाडाच चुकला होता, असे उघड बोलणारे विरळाच. क्षमा करणारास मोठेपणा मिळतो, अन्याय कबूल करणारास तो गमवावा लागतो. म्हणूनच ज्ञातीच्या कार्यात पुढे येणाऱ्या तरुणांनी हे चरित्र जरूर मनन करावे, एवढीच आमची विनंती.