वरचे मजले कुलूपबंद होते

दिल्लीच्या राणी झाशी मार्गालगतच्या अनाज मंडीतील एका इमारतीच्या आगीची वर्दी अग्निशमन सेवेकडे पोहोचली ती रविवार, 8 डिसेंबर 2019 रोजी पहाटे 5 वाजून 22 मिनिटांनी. उपलब्ध नोंदींतली ही सर्वांत नेमकी. आग प्रत्यक्ष केव्हा लागली, हे मात्र तीवरून ठरत नाही. कामगार आतच झोपले होते. ते जागे होऊन बाहेर कळेपर्यंत किती मिनिटे गेली असतील, याचा केवळ तर्क करता येतो.

त्या दिवशीचा मृतांचा आकडा 43. वाचवलेल्यांचा आकडा वृत्तागणिक बदलतो. इमारतीत काय तयार होत होते, याच्या याद्याही जुळत नाहीत. कुणी शाळेची दप्तरे लिहितो, कुणी पर्स, कुणी टोप्या, कुणी प्लास्टिकच्या वस्तू. हा विसंवाद बातमीदारांच्या माथी मारू नये. एका छताखाली अनेक लहान कारखाने चालत असतील, तर या सगळ्या याद्या एकाच वेळी खऱ्या ठरतात.

मृत्यूच्या कारणाबाबत मात्र साधनांत एकवाक्यता आहे. बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीला वरच्या मजल्यांवर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण फार आढळले. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा होता, पण ठिणगीचा उगम कळल्याने इतक्या मृत्यूंचा उलगडा होत नाही. त्यासाठी जाळ्या लावलेल्या खिडक्या, अरुंद गल्ली आणि बाहेर पडण्याची वाट यांकडे पाहावे लागते.

आता सर्वांत बोलके साधन. उत्तर दिल्ली महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी आगीनंतर सांगितले, की आदल्याच आठवड्यात या इमारतीचे सर्वेक्षण झाले होते. वरचे मजले कुलूपबंद असल्याने पूर्ण पाहणी करता आली नाही. हे निवेदन घटनेनंतरचे आणि संबंधित यंत्रणेचेच, म्हणून जपून वापरावे. पण ते जसेच्या तसे मान्य केले तरी एवढे निश्चित होते, की इमारत यंत्रणेच्या नजरेआड नव्हती. कुलपामागे त्या दिवशी कामगार होते का, हे निवेदनातून कळत नाही.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 38 आगीच्या वेळी सर्वांना सुरक्षित बाहेर पडण्याची सोय ठेवायला सांगत होते. कलम 2(ड) प्रमाणे वीज वापरून 10 किंवा अधिक कामगार राबत तो कारखाना ठरे. म्हणजे आधी माणसे मोजायची, मग दार तपासायचे. इमारतीला अग्निसुरक्षेचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते, हे अग्निशमन सेवेनेच सांगितले. पोलिसांनी भारतीय दंड संहितेची 304 आणि 285 ही कलमे लावली. तो कागद मृत्यूनंतरचा.

हा प्रकार एकटा नाही. गाझियाबादमधील साहिबाबादच्या शहीद नगरात 11 नोव्हेंबर 2016 रोजी पहाटे जॅकेट शिवणाऱ्या कारखान्यात आग लागून 13 जण दगावले. तेथेही कारखाना वस्तीत, आणि कामगार आतच झोपलेले.

तुलनेला ढाक्याजवळचे राणा प्लाझा घ्यावे. 24 एप्रिल 2013 रोजी कपड्यांच्या कारखान्यांची ती इमारत कोसळून 1,134 जण मरण पावले. पुढच्याच महिन्यात ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा करार झाला. त्याखालचे कारखाने यादीत आले आणि त्यांचे पाहणी अहवाल जाहीर होऊ लागले. अनाज मंडीच्या कागदांत नेमकी हीच साखळी दिसत नाही. त्या कराराचा आधार निर्यात ब्रँडची यादी होता. गल्लीतल्या कारखान्याची नोंद स्थानिक यंत्रणेलाच ठेवावी लागेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिने वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतली कामगारसंख्या 10 वरून 20 वर नेली. ‘आस्थापना’ या व्याख्येसाठी 10 ची मर्यादा राहिली. यापुढे कुठलाही पाहणी अहवाल हाती आला, तर वाचकाने आधी एक नोंद शोधावी: पाहणी अपुरी राहिली असेल, तर दुसरी भेट कोणत्या तारखेला झाली?